मार्चमध्ये छाटलेला लायलॅक

आमच्या घरात लायलॅकच्या झुडपाला कात्री लावायचा एकच आठवडा असतो. जांभळी फुलं सुकून तपकिरी झाली की त्याच आठवड्यात, जूनमध्ये. चार जुलैचे, स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडाले की कात्री खिळ्याला अडकवायची आणि पुढच्या जूनपर्यंत झाडाकडे नुसतं बघायचं. हा आईचा नियम होता. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचे नियम ती गेल्यावरही चालू राहिले.

कारण साधं आहे. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या याच उन्हाळ्यात धरतो, फांदीच्या अगदी टोकाला, जोडीजोडीने. सगळा हिवाळा त्या बर्फात तशाच बसून राहतात. तुम्ही ऑक्टोबरात कापा नाहीतर मार्चमध्ये कापा, झाड मरत नाही, पानंही फुटतात, फक्त त्या वर्षी फूल येत नाही. कापायचं कसं तेही आईने ठरवून दिलेलं. सुकलेले घोस खालच्या पानांच्या जोडीपर्यंत काढायचे. मनगटाएवढी झालेली जुनी खोडं असतील त्यातलं दर तिसरं खोड थेट जमिनीलगत करवतायचं, म्हणजे बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि फुलं डोळ्यांसमोर राहतात. हे केलं नाही तर लायलॅक उंच जात राहतो, फुलं छपराला लागतात आणि आपल्या वाट्याला काठ्या.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण माझ्या मेव्हण्याला यातलं काही माहीत नव्हतं. तसा आल्डन पेक झाडांतला अडाणी नव्हता. व्हरमाँटच्या आमच्या या कोपऱ्यात त्याच्यासारखी सफरचंदाची बाग कोणाची नव्हती. पण माझ्या बहिणीशी, रोवीनाशी, त्याचं लग्न झालं त्याच वर्षी तिने वाटणी करून टाकली होती. "सफरचंदं तुझी, लायलॅक माझा. तू माझ्या झाडाला हात लावू नको, मी तुझ्या झाडांना सल्ले देणार नाही." दुसरं वचन तिने आठवडाभरही पाळलं नाही. आल्डनने मात्र पहिलं जन्मभर पाळलं. लायलॅकला टेकून शिडीसुद्धा कधी ठेवली नाही.

तो लायलॅक आईच्या लायलॅकचा फुटवा. माझ्या दारातलाही तिथलाच. आईचं घर विकलं तेव्हा आम्ही दोघी फावडी घेऊन गेलो होतो आणि दोन पोत्यांत दोन फुटवे घालून आणले. रोवीनाने तिचा घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लावला, पुढच्या खोलीच्या खिडकीखाली. तिचं घर खाली खोऱ्यात, ऊन भिंतीवर दिवसभर, त्यामुळे तिचा लायलॅक गावात सगळ्यांच्या आधी फुलायचा. माझं घर टेकडीवर, वाऱ्यात. माझा फुलायचा तेव्हा तिचा कोमेजायला लागलेला असायचा. दरवर्षी ती एक घोस मला आणून द्यायची आणि वर म्हणायची, "घे. तुझ्या सैबेरियात अजून काही नसेल."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती आल्डनच्या शिट्टीची. सफरचंदाची छाटणी मार्चमध्ये होते, बर्फ घट्ट असतो तेव्हा. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये तो शिडीवरून पडला, पाय मोडला, आणि जेवायला का आला नाही म्हणून रोवीना बघायला गेली तोवर तिथेच बर्फात पडून होता. तेव्हापासून तिने फर्मान काढलं. "झाडावर असलास की शिट्टी वाजवायची. शिट्टी थांबली की मी आले समज." त्याला एकच चाल यायची आणि ती कुठल्या गाण्याची होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण सगळा मार्च ती शिट्टी बागेतून ऐकू यायची. शाळेची बस चालवत मी खालून जायचे तेव्हा इंजिनाच्या आवाजातही मला कळायचं, आल्डन कामावर आहे.

रोवीनाचं दुखणं शरद ऋतूत कळलं. यकृतापर्यंत गेलं होतं. त्याआधी तीन वर्षं तिचा खांदा धरला होता, त्यामुळे लायलॅकची छाटणी राहून गेली होती. मी म्हटलं होतं, मी करून देते, तर म्हणाली, "तू? तू बस चालव." तिचा लायलॅक पार पन्हाळीपर्यंत गेला. तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीजवळ आणली, तर आडवं पडून तिला खिडकीतून दिसायची ती सात-आठ राखाडी खोडं.

फेब्रुवारीत डॉक्टर आम्हाला दारापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "मे महिना बघतील. जूनचं मी सांगत नाही."

दाराशी बोलायची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. आतून आवाज आला, "मे पुरे. माझा लायलॅक मेमध्येच फुलतो."

त्या दिवसापासून तिने दुसरं काही मागितलं नाही. सूप नको, पाद्री नको, जास्तीची उशी नको. "एकदा लायलॅक बघू दे, मग काय ते," एवढंच. आणि आल्डन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिला. मार्च उजाडला, शेजाऱ्यांकडे पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस उकळायला लागला, वाफ रस्त्यावरून दिसायला लागली, तरी हा बागेत गेला नाही. त्याने आईची शाळेतली पितळी घंटा माळ्यावरून काढून रोवीनाच्या उशाशी ठेवली होती. ती वाजली की धावत यायचा, कधी एकाच पायात बूट. नाही वाजली की खुर्ची. छाटणीची करवत दारामागे टांगलेली ती टांगलेलीच.

रोवीना मला म्हणायची, "बर्नी, हा माझ्या आधी जायचा."

मी म्हणायचे, "जातोय कसला. खुर्ची सोडायला नको?"

ती हसायची, पण तिला त्याची खरोखर काळजी लागली होती. दुपारी झोपेतून जागी झाली की आधी कान देऊन ऐकायची. बागेकडून काही येत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी मी बीन्सचं भांडं घेऊन खाली गेले. गाडीतून उतरले तर दक्षिणेच्या भिंतीला शिडी टेकलेली. बर्फावर फांद्यांचा कंबरभर ढीग. आणि लायलॅक खिडकीच्या उंचीला आणलेला, मधला गुंता मोकळा केलेला, प्रत्येक काप तिरका आणि स्वच्छ. मी आयुष्यात इतकी सुंदर छाटणी पाहिली नाही. एकाही फांदीला टोक उरलेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं शाळेची बस चालवल्यावर माणसाचा आवाज जसा होतो तसा माझा आहे, आणि मी तो काढणारच होते. तेवढ्यात ढिगामागे मला आल्डन दिसला. सफरचंदाच्या पालथ्या खोक्यावर बसला होता. हातात चाकू आणि एक डहाळी. डहाळीच्या टोकाची जाड कळी त्याने मधोमध चिरली होती.

"बर्नी," तो म्हणाला, "हे बघ."

मी वाकून बघितलं. कळीच्या आत हिरवे बारीक दाणे, मोहरीहूनही लहान, द्राक्षांच्या घडासारखे लगडलेले.

"ही फुलं आहेत का?"

"हो."

"सगळी टोकालाच असतात?"

"सगळी."

त्याने चाकू मिटून खिशात टाकला. मग हळू म्हणाला, "सफरचंदाला टोकाला नुसतं लाकूड असतं. फूल फांदीच्या अंगावर येतं, आखूड खुंटीवर. टोक काढलं की झाड खाली जोर धरतं. मला वाटलं, वरचं काढू म्हणजे फुलं खाली येतील. खिडकीत. तिला पडल्या पडल्या दिसतील." त्याने ढिगाकडे बघितलं. "वर काय होतं ते मी बघितलंच नाही."

"गाढवा," मी म्हटलं. "मला विचारायचं होतंस."

"तू तिला जाऊन सांगितलं असतंस. मला तिला चकित करायचं होतं."

खरं सांगायचं तर मला त्याला झोडपून काढावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्या टोपीवरचा भुसा झटकावासाही वाटत होता. मी दोन्ही केलं नाही. बीन्सचं भांडं बर्फावर ठेवलं आणि ढिगातल्या फांद्या निवडायला लागले.

"काय करतेस?"

"गरम पाण्यात ठेवून बघते. कधीकधी फुलतात."

"बर्नी, तिला सांगू नको," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "काहीही सांग. मी नुसता खिडकीपुढचा गुंता काढला, कळ्या थंडीच्या कडाक्याने जळल्या म्हण. पण कळ्या मी कापल्या हे सांगू नको. तुझ्या पाया पडतो."

आल्डन पेकला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नाही सांगत," मी म्हटलं.

आत गेले तेव्हा रोवीना जागी होती. खोलीत ऊन आलं होतं, पांघरुणावर, तिच्या हातांवर. "बघ किती उजेड आला," ती म्हणाली. "आल्डनने छान काम केलंय. खिडकी मोकळी झाली."

मी जीभ चावली. "झाली खरी," म्हटलं आणि बीन्स गरम करायला गेले.

माझ्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ तीन बादल्या मांडल्या. फांद्यांची बुडं हातोडीने ठेचली, कोमट पाणी घातलं, एक दिवसाआड बदललं. आल्डन दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून टेकडी चढून यायचा. कधी अंडी घेऊन, कधी माझी कुऱ्हाड परत करायला, जी मी त्याला दिलेलीच नव्हती. टोपी काढून बादल्यांसमोर उभा राहायचा.

"फुगल्यात," एकदा म्हणाला.

"पानं आहेत ती."

"ही जरा जांभळी वाटते."

"तुझे डोळे तपास."

पण मलाही ती जांभळी वाटली होती. एप्रिल लागता लागता काही कळ्यांतून बोटाच्या पेराएवढे घोस बाहेर आले. मी आल्डनला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरातच राहिला असता. दोन दिवसांत ते घोस पिवळे पडले आणि मग वाळून गळायला लागले. बोट लावलं की पीठ व्हायचं. मी शेगडीजवळ बसून रडले, मग बादल्या मागच्या अंगणात ओतल्या. आल्डन आला, रिकाम्या जागेकडे बघितलं, अंडी टेबलावर ठेवली आणि गेला.

त्याच आठवड्यात रोवीनाने मला जवळ बोलावलं. आल्डन गावात औषधं आणायला गेला होता. रस्त्यांवर गुडघाभर चिखल होता, म्हणजे लवकर येणार नव्हता.

"दार लोटून घे," ती म्हणाली. "तुझ्या बादल्यांचं काय झालं?"

"कुठल्या बादल्या?"

"बर्नी, तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं, मार मलाच बसायचा. फांद्या तुझ्या गाडीत भरताना मी बघितलं. फुलल्या का?"

"नाही."

"मला वाटलंच. आईनेसुद्धा एकदा करून बघितलं होतं."

मी खाटेच्या कडेवर बसले. "तुला माहीत होतं?"

"अगं, पहिली फांदी पडली तेव्हाच कळलं. डोळे उघडले तर खिडकीत त्याचे बूट, शिडीवर. मी म्हटलं, हा काय करतोय, मार्चमध्ये! घंटा उचलली. एकदा वाजवली असती तर शिडीवरून उडी टाकून आला असता. चार-पाच फांद्याच गेल्या असत्या."

"मग?"

"मग त्याने शिट्टी वाजवायला सुरुवात केली."

ती थोडं थांबली. तिला आता एका दमात फार बोलता येत नव्हतं.

"पानगळीपासून ऐकली नव्हती गं. तीच ती बेसूर चाल. मी घंटेची जीभ बोटांत धरली, चुकून वाजू नये म्हणून. आणि ऐकत पडले. किती छान वाजवत होता! माझ्या डोक्यावर माझी फुलं कापत होता आणि असा खुशीत होता की जणू लग्न ठरलंय." ती हसली. मग डोळे मिटून म्हणाली, "फुलं मला हवी होती, बर्नी. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. पण ते थांबवणं माझ्याच्याने झालं नाही."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, जे आधीच नीट होतं.

"आपण काय कापलं ते त्याला कळलंय का?" तिने विचारलं.

आल्डनला मी शब्द दिला होता. तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही हे तिनेच नुकतं सांगितलं होतं. मी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हटलं, "त्याला काय कळतंय. सफरचंदवाला तो."

"बरं झालं. त्याला कळू देऊ नको. मी गेल्यावरही नको. कळलं तर हा पुन्हा करवत हातात धरणार नाही. खुर्चीत बसून जाईल." मग तिने डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं. "शिट्टी मात्र त्या दिवसानंतर बंद झाली. का कोण जाणे. बाग तशीच पडलीय. तू त्याला हाकल ना बागेत. तुझं ऐकतो तो, घाबरून."

त्या संध्याकाळी मी आल्डनला गोठ्यामागे गाठलं. "एप्रिल लागला. बाग काय मी छाटू? की शेजारच्या गायींना सांगू?"

"माझ्याच्याने कापवत नाही, बर्नी. हातच उचलत नाही."

"तिला ऐकायचंय."

"काय?"

"तुझी शिट्टी. तू काम करतोयस हे ऐकायला मागते ती. आणि काही मागत नाही आता."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हा आता सगळं विचारणार. पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारामागच्या खिळ्यावर करवत नव्हती. एप्रिलभर तो बागेत होता, उशिरा का होईना, आणि शिट्टी येत होती. मन लागलेली ती शिट्टी नव्हती. मध्येच तुटायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. पण रोवीनाने खिडकी इंचभर उघडी ठेवायला लावली, थंडीतसुद्धा, आणि घरी येणाऱ्या नर्सशी त्यावरून भांडली.

मे महिन्यात खिडकीबाहेरच्या लायलॅकला पानं आली, हृदयाच्या आकाराची, कोवळी, भरपूर. फूल एकही नाही. रोवीनाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त एकदा आल्डन समोर असताना म्हणाली, "पानं काय सुंदर आलीत या वर्षी." आल्डन लगेच लाकडं आणायला बाहेर गेला.

खोऱ्यात दुसऱ्यांचे लायलॅक उमलायला लागले तेव्हा ती जवळजवळ खात नव्हती. माझ्या झाडावरच्या कळ्या अजून बंद, मुठीसारख्या. मी रोज सकाळी उठून त्यांना दटावायचे, जणू माझ्या बसमधली पोरं. शेवटी मी पाद्र्यांच्या घराशी गेले आणि त्यांच्या दुहेरी पाकळ्यांच्या पांढऱ्या लायलॅकचा एक घोस मागून आणला. तिच्या नाकापाशी धरला. तिने सावकाश वास घेतला.

"छान आहे," ती म्हणाली. "पाहुण्यांसाठी ठेवतात त्या साबणासारखा."

मी हसले. आल्डन दारात उभा होता, तो हसला नाही. पाठ फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याची पाठ मला दिसत होती, आणि रोवीनालाही दिसत होती.

"आल्डन," तिने हाक मारली. "बाग झाली का?"

"खालची ओळ राहिलीय."

"मग जा ना."

तो गेला. थोड्या वेळाने खालच्या ओळीकडून शिट्टी यायला लागली. त्या वेळी सफरचंदांना मोहर येऊ घातला होता आणि छाटण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तो नुसता झाडाखाली उभा राहून वाजवत असावा. रोवीना ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी हात धरला होता, आल्डनने दुसरा. माझा लायलॅक त्यानंतर आठवड्याने फुलला.

आमच्याकडे मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात. आधी लढाईत गेलेल्यांच्या, मग बाकीच्यांच्या. फुलं आपल्या दारातली. विकत आणलेली कोणी नेत नाही असं नाही, पण लोक बघतात. त्या सकाळी आल्डन बादली घेऊन टेकडी चढून आला. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. दारातून आत न येता म्हणाला, "बर्नी, तुझ्या झाडाची देशील का? माझ्याकडे नाहीत."

"तिचंच झाड आहे. पोतं वेगळं होतं, एवढंच."

माझा लायलॅक मी नियमाने ठेवते, डोक्याइतका, त्यामुळे शिडी लागत नाही. मी त्याच्या हातात कात्री दिली. त्याने घोसाखाली धरली आणि तसाच थांबला.

"कुठे कापू?"

"घोसाच्या खाली पानांची जोडी आहे ना, तिच्या वर. त्या जोडीतून दोन फांद्या येतील, त्यांच्या टोकाला पुढच्या वर्षीच्या कळ्या."

त्याने कापलं. एक, मग आणखी एक. बादलीत पाणी हललं. वास सगळ्या अंगणात भरला होता, आमच्या आईचा वास म्हणा हवं तर, कारण आम्हाला तो तसाच वाटायचा. मी दुसऱ्या बाजूने कापत होते आणि डोळे पुसत होते.

"एकच बरं झालं, बर्नी," तो फांद्यांपलीकडून म्हणाला. "तिला कळलं नाही. खिडकीपुढचा गुंता काढला एवढंच वाटलं तिला."

मी पुढचा घोस कापला.

"मी खूप विचार केला त्याचा. घंटा तिच्या उशाशी होती. मी बरोबर खिडकीशी, शिडीवर. जागी असती तर वाजवली असती ना? घर डोक्यावर घेतलं असतं. रोवीना सोडते का! पण वाजवली नाही. म्हणजे झोपली होती." त्याची कात्री थांबली. "नाहीतर मला जगता आलं नसतं. फुलांची वाट बघत गेली हे ठीक, पण मी कापली हे माहीत असून गेली असती तर… झोपलीच होती ना गं?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. घंटेची जीभ, तिची बोटं, ती बेसूर चाल. तिने त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्याजवळ ठेवलेली होती, आणि ती त्याला द्यायची मला मुभा नव्हती. मला माझ्या बहिणीचा इतका राग आला की तेवढा ती जिवंत असतानाही कधी आला नसेल.

"हो," मी म्हटलं. "गाढ झोपली होती. मी आले तेव्हाच उठली."

त्याने लांब श्वास सोडला. मग झुडपाच्या मागच्या बाजूला गेला, तिथले घोस मोठे होते. मला फक्त त्याच्या टोपीचा शेंडा दिसत होता. कात्रीचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने, सवयीने, शिट्टी सुरू झाली. तीच चाल. चार-पाच सूर वाजले असतील, आणि मग त्याला आठवलं असणार की आता ऐकायला कोणी नाही. शिट्टी तुटली.

मी हातातली फुलं तशीच घट्ट धरून उभी राहिले.

"आल्डन," मी ओरडले, बसमध्ये ओरडायचे तशी. "शिट्टी का थांबवलीस? मला यायला लावू नको तिकडे."